निघाला तोच फिल्टर परत बसवायचा का? एका मोटरहोमच्या एअर ड्रायरचं प्रकरण

"फिल्टर बदलायचाय, एवढंच काम आहे," असं म्हणत काकांनी तीन खोकी माझ्यासमोर ठेवली. "यातला बसेल तो बसवा. उरलेले परत करीन."

काकांची गाडी म्हणजे मागे डिझेल इंजिन असलेलं, बारा मीटर लांबीचं मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी. वजन चौदा टनांच्या आसपास. ब्रेक पूर्ण हवेवर चालतात, सस्पेन्शनला हवेचे फुगे, चालकाची सीटसुद्धा हवेवर. काका या गाडीचे तिसरे मालक. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर फिरवतात, बाकीचे महिने ती उभीच असते. ब्रेकबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. आधीच्या मालकाने ठेवलेल्या वहीत एअर ड्रायरच्या, म्हणजे ब्रेकच्या हवेतलं पाणी काढणाऱ्या यंत्राच्या, फिल्टरची शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची होती, आणि ती वाचून ते अस्वस्थ झाले होते. अस्वस्थ झाले ते योग्यच झालं. असे फिल्टर साधारण दोन ते तीन वर्षांनी बदलतात. फिरती थोडी म्हणून मुदत लांबवता येत नाही, कारण उभ्या गाडीतही सील सुकतात आणि ओलावा आपलं काम करत राहतो.

तिन्ही खोकी उघडून पाहिली. पहिल्यात ड्रायरच्या घराच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, आत बसणारं सुटं कार्ट्रिज (फिल्टरचा बदलायचा भाग) होतं. ते काकांनी चासीचं मॉडेल आणि वर्ष सांगून मागवलं होतं. दुसऱ्यात वरून स्क्रू होणारा, साध्या प्रकारचा डबा. गाडीखाली वाकून जुना डबा पाहून, आकार जुळवून तो घेतला होता. तिसऱ्यात तसाच दिसणारा डबा, पण तेल वेगळं काढणारा. विक्रेत्याने "हा जास्त चांगला" म्हणून तो सुचवला होता आणि तो बराच महागही होता.

काकांचा कल दुसऱ्याकडे होता. "जो निघेल तसाच बसवायचा. साधा नियम आहे," ते म्हणाले.

हा नियम मी कित्येकांच्या तोंडून ऐकला आहे आणि घरातल्या बऱ्याच वस्तूंना तो लागूही पडतो. हवेच्या ब्रेकला तो लावताना मात्र मी थांबतो. जो फिल्टर निघतो तो बरोबरच होता हे कुणी सांगितलं? गाडी तीन हातांतून गेलेली. मधल्या कुणीतरी हाताला लागला तो डबा फिरवून दिला असेल, तर आपणही तीच चूक नव्या कोऱ्या सीलसकट परत बसवतो.

म्हणून मी काकांना सांगितलं, "आज फिल्टर बसवायचा नाही. आधी टाक्यांमधून काय निघतं ते पाहू."

ड्रायर नेमकं काय करतो हे डोक्यात स्पष्ट असलं की पुढची निवड सोपी होते. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो आणि 120 पीएसआयच्या दाबाला, म्हणजे 8 बारच्या थोडं वर, जवळजवळ नऊ टाक्या हवा एका टाकीत कोंबतो. हवा दाबून लहान होते, तिच्यातलं पाणी होत नाही. गरम असेपर्यंत ते वाफ होऊन राहतं, पुढे हवा निवली की टाकीत, नळ्यांत, व्हॉल्व्हमध्ये सुटतं. मग टाक्या आतून गंजतात, व्हॉल्व्ह अडखळतात, आणि थंडीत तेच पाणी गोठून ब्रेकची हवा अडवू शकतं. हे होऊ नये म्हणून कॉम्प्रेसर आणि पहिली टाकी यांच्यामध्ये ड्रायर बसवतात. हवा त्यात शिरल्यावर निवते, पाण्याचे आणि तेलाचे मोठे थेंब तळाशी बसतात आणि उरलेला ओलावा बारीक मण्यांचा थर धरून ठेवतो.

दाब 120 ते 130 च्या दरम्यान पोचला की गव्हर्नर, म्हणजे दाबावर लक्ष ठेवणारा भाग, कॉम्प्रेसरला विश्रांती देतो आणि त्याच क्षणी ड्रायरच्या तळाचा पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे साचलेलं पाणी-तेल बाहेर फेकणारा व्हॉल्व्ह, उघडतो. गाडीखालून जोरात "फस्स" असा आवाज येतो तो हाच. त्यानंतर अर्धा मिनिटभर जी बारीक सुरसुर ऐकू येते ती जास्त महत्त्वाची. राखून ठेवलेली कोरडी हवा तेव्हा उलट्या दिशेने मण्यांमधून सावकाश जात असते आणि त्यांनी धरलेला ओलावा बाहेर नेत असते. म्हणजे मणी पाण्याने कायमचे भरत नाहीत, दर वेळी ते पुन्हा कोरडे होतात. तेलाचं तसं नाही. तेल एकदा मण्यांवर चढलं की उलट्या हवेने ते निघत नाही. मण्याची छिद्रं बुजतात आणि तो मणी ओलाव्याच्या दृष्टीने संपतो. फिल्टर निवडताना पहिला प्रश्न त्यामुळे तेलाचा असतो. किती तेल येतंय, आणि का?

चाकांना पुढून-मागून अडण्या लावल्या. मग पहिल्या, ओल्या टाकीचा ड्रेन कॉक एका पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यावर धरून हळूच उघडला. आधी हवा, मग दुधी चहासारखं काहीतरी बुडबुडत आलं. डब्यात दोन बोटं खोल द्रव जमला. बोटांत चोळून पाहिला तर पाण्यासारखा सुटत नव्हता, तेलासारखा निव्वळ घसरतही नव्हता, क्रीमसारखा चिकटत होता. पाणी आणि कॉम्प्रेसरचं तेल एकमेकांत घुसळून हे असं होतं. पुढच्या दोन टाक्यांमधूनही थोडं निघालं, पातळ पण त्याच रंगाचं.

पांढरी भुकटी मात्र नव्हती. हे मी मुद्दाम पाहतो. भुकटी निघाली तर मणी एकमेकांवर घासून फुटताहेत आणि त्यांचा चुरा पुढच्या व्हॉल्व्हमध्ये चाललाय असं समजायचं. ते दुखणं वेगळं आणि त्यात साफसफाईचं काम कितीतरी मोठं असतं.

काका डब्याकडे बघत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे माझ्या ब्रेकमध्ये होतं?"

"होतं. आणि नवा फिल्टर लावून गाडी दिली असती, तर सहा महिन्यांत तोही असाच झाला असता."

थोडं तेल कुठल्याही कॉम्प्रेसरमधून येतंच, त्याने घाबरायचं कारण नसतं. इतकं आलं की दोन शक्यता उरतात. कॉम्प्रेसर आतून झिजलाय, किंवा त्याला विश्रांतीच मिळत नाहीये. लोक लगेच पहिलीकडे धावतात आणि कॉम्प्रेसर उतरवतात. मी आधी दुसरी तपासतो, कारण तिला लागतं फक्त घड्याळ आणि साबणाचं पाणी.

दाब पूर्ण भरला, इंजिन बंद केलं, पार्किंग ब्रेक सोडला (अडण्या जागेवरच होत्या) आणि दाब स्थिरावू दिला. मग एक मिनिट काट्याकडे पाहत बसलो. अशा एकट्या गाडीचा दाब ब्रेक सोडलेले असताना मिनिटाला 2 पीएसआयपेक्षा जास्त उतरू नये आणि पॅडल दाबून धरल्यावर 3 पेक्षा जास्त नको. इथे ब्रेक सोडलेले असतानाच तो 5 उतरला. ओठ न हलवता काका मोजत होते, त्यांनाही पाचच दिसले.

मग गाडी रस्त्यावर काढली. काका चालवत होते, मी शेजारी काट्यावर डोळा ठेवून बसलो. गव्हर्नरने कॉम्प्रेसरला कामाला लावलं की काटा चढायला लागतो, सोडलं की थांबतो आणि मग हळूहळू उतरतो. अर्ध्या तासाच्या फेरीत कॉम्प्रेसर तेरा मिनिटं भार घेऊन चालला, म्हणजे वेळेच्या 43 टक्के. लांब पल्ल्याच्या गाडीसाठी हा आकडा पंचविशीच्या आत असायला हवा. सतत राबणारा कॉम्प्रेसर तापतो, तेल जास्त सोडतो आणि ड्रायरला गरम हवा पाठवतो. हवा गरम असेल तर मणी ओलावा नीट धरत नाहीत. त्यात दर वेळी दाब भरायला जास्त वेळ लागतो, दर फेरीत मण्यांवर जास्त ओझं पडतं. एका गळतीतून या सगळ्या गोष्टी निघतात.

मोटरहोमच्या बाबतीत हे विशेष सांगावंसं वाटतं. ट्रकमध्ये हवा लागते ती प्रामुख्याने ब्रेक आणि सस्पेन्शनला. मोटरहोममध्ये बॉडी बांधणारा चासीवर आणखी कितीतरी गोष्टी जोडतो: भोंगा, सीट, पायरी, गाडी समतल करणारी व्यवस्था. त्या नळ्या फर्निचरच्या मागून, फरशीखालून जातात आणि गळती झाली तर तिथे कुणाचं लक्ष जात नाही. इथे दोन जागा सापडल्या. मागच्या उंची राखणाऱ्या व्हॉल्व्हच्या पितळी जोडावर साबणाचं पाणी टाकताच मुठीएवढा फेस उभा राहिला. दुसरी गळती चालकाच्या सीटखाली होती. नळी सीटच्या पत्र्याला घासून जवळजवळ आरपार झाली होती. काकांना ती सुरसुर नेहमी ऐकू यायची, पण ती एसीची आहे असं त्यांना वाटायचं.

मागच्या व्हॉल्व्हपाशी पोचायला गाडीखाली जावं लागलं. इथे मी कुणाचंही ऐकत नाही. हवेच्या फुग्यांवर उभी असलेली गाडी फुग्यातली हवा गेली की खाली बसते, आणि मागच्या चाकांपाशी तेव्हा माणसासाठी जागा उरत नाही. चासीच्या फ्रेमखाली घोडे, म्हणजे गाडी तोलून धरणारे आधार, लावल्याशिवाय आत शिरायचं नाही. फिल्टर बदलणं घरी करण्याजोगं काम आहे हे मला मान्य आहे. घोडे नसतील तर मात्र ते घरी करू नका.

जोड बदलला, नळीचा तुकडा नवा टाकला. पुन्हा तीच मिनिटाची चाचणी, दाब एकाच्या आत उतरला. त्याच रस्त्यावर पुन्हा अर्धा तास गाडी फिरवली, कॉम्प्रेसर पाच मिनिटं चालला. म्हणजे सतरा टक्क्यांच्या आसपास. कॉम्प्रेसरपासून ड्रायरपर्यंतच्या नळीचं ड्रायरकडचं तोंड सोडून पाहिलं. आत काजळीचा पातळ थर होता, वाट बुजलेली नव्हती. कॉम्प्रेसर उतरवण्याची गरज मला दिसली नाही.

आता खोकी.

ड्रायरच्या अंगावर एक छोटी धातूची पट्टी असते, बहुतेक वेळा चिखलाखाली गाडलेली. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने ती घासून काढली, मोबाइलने फोटो घेतला, मोठा करून नंबर वाचला. या पट्टीवरचा नंबर हाच खरा धागा. चासीचं वर्ष नाही, बॉडीचं मॉडेल तर मुळीच नाही. मोटरहोमची चासी एकाची आणि घर दुसऱ्याचं असतं. चासीवाल्यानेही एकाच वर्षी दोन वेगवेगळे ड्रायर लावलेले असू शकतात. त्यात पुढच्या मालकाने संपूर्ण ड्रायरच बदलला असेल तर मूळ पुस्तकातल्या नोंदीचा काही उपयोग राहत नाही.

इथे नेमकं तेच झालं होतं. काकांचं पहिलं खोकं चासीच्या यादीप्रमाणे बरोबर होतं. मूळ ड्रायर त्याच पद्धतीचा होता, बेंडिक्सच्या एडी-9 सारखा, ज्यात कार्ट्रिज घराच्या आत बसतं आणि बदलण्यासाठी ड्रायर खोलावा लागतो. कधीतरी कुणीतरी तो काढून वरून डबा स्क्रू होणारा ड्रायर बसवला होता. बेंडिक्सचा एडी-आयएस किंवा वॅबकोचा सिस्टिम सेव्हर 1200 या घराण्यातले ड्रायर असे असतात. मधला एक प्रकारही आहे, एडी-आयपी. त्याचा उंच डबा स्क्रू होत नाही, लांब बोल्टने आवळला जातो. दुरून पाहिलं तर हे सगळे काळे डबेच दिसतात. पहिलं खोकं बाजूला गेलं.

उरले दोन, आणि दोन्ही स्क्रू होत होते. आट्यांचं माप एकच, 39 मिलिमीटर व्यास, दीड मिलिमीटर पीच (दोन आट्यांमधलं अंतर). हे माप फार चालतं, आणि गोंधळाचं मूळही तेच आहे. आटे जुळले म्हणून डबा जुळला असं होत नाही. सीलची रिंग कुठे टेकते, मधली वाट आणि कडेची वाट कुठे उघडते, आत उलट्या हवेसाठी काय व्यवस्था आहे, हे सगळं बाहेरून न दिसणारं आहे. काही कार्ट्रिजचे आटे उलटे असतात, नेहमीच्या दिशेने जोर लावला तर ते आणखी आवळतात. पाना लावण्याआधी आट्याची दिशा नंबरावरून पाहून घ्यावी.

पट्टीवरचा नंबर निर्मात्याच्या तक्त्यात शोधला. हा ड्रायर कारखान्यातून तेल वेगळं काढणाऱ्या कार्ट्रिजसह निघालेला होता. मग जुना डबा उतरवला, पुसला, त्यावरचा नंबर लावून पाहिला. तो साध्या प्रकारचा होता. चार वर्षांपूर्वी ज्या कुणी काम केलं, त्याने आटे जुळतात एवढं पाहून तेलवाल्याच्या जागी साधा फिरवला होता. डब्याच्या तोंडाशी आणखी एक गोष्ट दिसली. त्याच्याही आधीच्या फिल्टरची सील रिंग ड्रायरच्या बैठकीला चिकटून राहिली होती आणि नवी तिच्यावर आवळलेली होती. दुहेरी रिंगेवर चार वर्षं हवा रोखली गेली, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

जुना डबा मी पांढऱ्या कागदावर उलटा धरून ठोकला. तपकिरी तेल ओघळलं, मागोमाग तीन-चार मणी आले. ते मूळचे फिक्या रंगाचे असतात, हे मधासारखे पिवळे आणि चकचकीत झाले होते. जळकट तेलाचा वास येत होता. काकांना डबा कापून आत पाहायचा होता. मी कापू दिला नाही. मणी हलू नयेत म्हणून आत जोरदार स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ती सुटली तर हात किंवा डोळा जातो.

साधा आणि तेलवाला यांत फरक एवढाच की तेलवाल्यात मण्यांच्या आधी बारीक धाग्यांचा थर असतो. तेलाचे जे कण धुक्यासारखे हवेत तरंगत येतात, ते या थरात एकमेकांना चिकटून मोठे थेंब होतात आणि पर्जच्या वेळी खालून बाहेर फेकले जातात. साध्या डब्यात तेच धुकं सरळ मण्यांवर जाऊन बसतं. ज्या ड्रायरवर दोन्ही प्रकार निर्मात्याने मान्य केलेत, तिथे साध्याकडून तेलवाल्याकडे जाता येतं. उलट दिशेने, तेलवाल्याकडून साध्याकडे, उतरू नये. पुढचे व्हॉल्व्ह स्वच्छ हवा मिळेल या भरवशावर निवडलेले असू शकतात.

काकांनी इथे एक चांगला प्रश्न विचारला. "गळती बंद झाली, कॉम्प्रेसर आता कमी चालतो, तेल कमी येणार. मग महाग डबा कशाला?"

मी यावर रात्रभर विचार केला, कारण प्रश्न खरा होता. तेलवाला डबा हा आजारी कॉम्प्रेसरवरचा इलाज नाही, असं मी नेहमी सांगतो. कॉम्प्रेसर तेल ओकत असताना असा डबा लावून दिला तर दुखणं झाकलं जातं आणि आपण ग्राहकाला फसवतो. इथे दुखणं आधी शोधलं होतं, बरंही केलं होतं. उरला प्रश्न या गाडीच्या चालीचा. मोटरहोम तळावर पोचल्यावर इंजिन बराच वेळ नुसतं चालू राहतं, गाडी समतल करायला हवा लागते, आणि मंद गतीवर कॉम्प्रेसर तेल जास्त सोडतो. शिवाय चार वर्षांचं तेल अजून काही नळ्यांत आहे, म्हणजे ब्रेकच्या रबरी सीलना आधीच ताण पडलाय. आणि कारखान्याने या ड्रायरसाठी जे ठरवलं त्यापासून खाली उतरण्याचं एकही कारण माझ्याकडे नव्हतं. मी तिसरं खोकं निवडलं.

निवडलं, पण तेच बसवलं नाही. त्या डब्याचं तोंड झाकणारं प्लास्टिकचं बूच नव्हतं. काकांनी उत्सुकतेपोटी ते उघडलं होतं आणि डबा आठ महिने सामानाच्या कप्प्यात उघड्या तोंडाने पडून होता. मणी इतके दिवस बाहेरचा ओलावा ओढत राहिले. पर्जच्या फेऱ्यांनी ते कदाचित पुन्हा कोरडे झाले असते. धूळ आणि ओरखडलेल्या सीलचं मात्र काय करायचं? शिवाय हलवल्यावर आत मणी खुळखुळत होते. चांगल्या कार्ट्रिजमध्ये स्प्रिंग त्यांना घट्ट धरते. खुळखुळणारे मणी घासतात, झिजतात आणि वर म्हटली ती पांढरी भुकटी तयार करतात. बाजारात नक्कल केलेले आणि अर्धवट दुरुस्त करून विकलेले डबे असतात. बाहेरचा रंग पाहून ते ओळखू येत नाहीत, कानाशी धरून हलवल्यावर पुष्कळदा येतात. तोच नंबर बंद खोक्यात, बूच लावलेला, नव्याने मागवला. काकांना वाईट वाटलं, पण त्यांनी वाद घातला नाही.

संपूर्ण ड्रायर नवा घ्यावा का, हेही आम्ही बोललो. ड्रायरच्या घराला तडा असता, डबा बसतो ते आटे खराब झाले असते, किंवा पर्ज व्हॉल्व्हची बैठक गंजून खड्डे पडले असते, तर मी तेच सुचवलं असतं. इथलं घर धडधाकट होतं. हीटरचा प्लग हिरवा पडला होता, तो साफ केला. पर्ज व्हॉल्व्हपाशी पाणी गोठू नये म्हणून हा हीटर असतो, तापमान दहा अंशांच्या आसपास उतरलं की तो आपोआप चालू होतो. हीटर 12 व्होल्टचा की 24 व्होल्टचा हे मात्र पट्टीवर पाहूनच ठरवायचं. संपूर्ण ड्रायर घेताना लोक तिथे चुकतात. पर्ज व्हॉल्व्हची रबरं कडक झाली होती, ती कार्ट्रिजबरोबरच बदलली. डबा नवा आणि तळाचा व्हॉल्व्ह जुना ठेवला, तर व्हॉल्व्ह गळायला लागल्यावर सगळं पुन्हा खोलावं लागतं.

बसवणं मात्र खरोखरच अर्ध्या तासाचं. सगळ्या टाक्या शून्यावर आणल्या. हवा शून्यावर गेली की स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात, तरी अडण्या काढल्या नाहीत. बैठकीवरच्या दोन्ही जुन्या रिंगा लाकडाच्या पट्टीने खरवडून काढल्या, पत्र्याने काढल्या तर ओरखडा पडतो. नव्या सीलला सोबत आलेलं ग्रीस बोटाने लावलं, हाताने डबा फिरवला, सील टेकल्यावर निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे आणखी एक पूर्ण फेरा दिला. इंजिन चालू केलं. डब्याच्या कडेला साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा नाही.

मग काकांना ड्रायरपाशी उभं केलं आणि ऐकायला सांगितलं. फस्स, मग सुरसुर, मग पूर्ण शांतता. ही शांतता त्यांनी ओळखायला शिकावी अशी माझी इच्छा होती. अर्ध्या मिनिटानंतरही सुरसुर चालू राहिली आणि टाकीचा दाब उतरत गेला, तर टाकीकडची हवा उलटी येतेय, म्हणजे ड्रायरचा चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) पाहायचा. कॉम्प्रेसर दाब भरत असतानाच तळातून हवा जात असेल, तर पर्ज व्हॉल्व्ह नीट बसत नाही, त्यात कचरा अडकलाय किंवा गव्हर्नरकडून चुकीचा इशारा येतोय. पुढच्या वेळी त्यांना फोनवर एवढं सांगता आलं, तरी माझं अर्धं काम झालेलं असेल.

एक सवय मी त्यांना बदलायला सांगितली. गाडी उभी असताना दर पंधरवड्याला ते पाच मिनिटं इंजिन चालवायचे. इतक्या थोड्या वेळात दाब पर्जपर्यंत पोचला तर पोचला, नाहीतर नुसती ओली हवा आत भरली जाते आणि ती तिथेच राहते. त्यापेक्षा महिन्यातून एकदा गाडी अर्धा तास रस्त्यावर न्यावी, पर्जचा आवाज तीन-चार वेळा ऐकावा, आणि परत आल्यावर टाक्या ड्रेन कराव्यात.

पहिले काही आठवडे टाकीतून थोडा दुधाळ अंश निघत राहील हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. जुना ओलावा एका दिवसात जात नाही. दर वेळी काय निघालं ते काका वहीत लिहीत गेले: पहिल्यांदा एक झाकणभर, मग चमचाभर, मग फडक्यावर नुसता डाग. चौथ्या महिन्यात ते गाडी घेऊन आले. पांढरं फडकं त्यांनी सोबतच आणलं होतं. ओल्या टाकीचा कॉक त्यांनी स्वतः उघडला. फडकं हवेने फडफडत राहिलं, कोरडं. नव्या डब्यावर मी कोरलेल्या बसवल्याच्या तारखेशेजारी त्यांनी रंगाच्या पेनाने पट्टीवरचा ड्रायरचा पूर्ण नंबरही लिहून ठेवला होता.